कामट्यांचा आकाशकंदील घरी करताना: सांगाड्यापासून टांगण्यापर्यंत

चारी बाजूंना टोकावर उभे राहिलेले चौकोन, त्यांच्या मधे त्रिकोण, वर-खाली एकेक मोकळा चौकोन आणि खाली झुलणाऱ्या झिरमिळ्या: महाराष्ट्रात पारंपरिक आकाशकंदील म्हटला की हाच आकार डोळ्यांसमोर येतो. बाजारात तो घडीचा, प्लास्टिकचा, कापडाचा मिळतो. पण बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाचा कंदील घरी करणं फार अवघड नाही. ज्यांनी कधीच केला नाही त्यांनाही दोन रविवारांत जमतो. अट एकच, सांगाडा सरळ हवा. कागद वाकडा लागला तर काढून दुसरा लावता येतो, पण सांगाडा पिळलेला असेल तर पुढे कितीही सोनेरी पट्ट्या लावल्या तरी कंदील वाकडाच दिसतो. म्हणून या लेखातला मोठा भाग सांगाड्यावर आहे.

वेळेचा हिशेब आधी करून ठेवा. कंदील वसुबारसेला लागतो आणि पुष्कळ घरांत तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे अठरा-एकोणीस दिवस राहतो. एवढे दिवस उन्हात, वाऱ्यात आणि परतीच्या पावसाच्या एखाद्या सरीत त्याला टिकायचं असतं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सांगाडा आणि दुसऱ्या रविवारी कागद, असं ठरवलं की वसुबारसेपर्यंत दिव्याची जोडणी निवांत होते. धनत्रयोदशीच्या दुपारी कामट्या आणायला निघालात, तर मैद्याची खळ वाळायलाही वेळ मिळत नाही.

किती मोठा करायचा?

सर्वात जास्त फसगत इथेच होते. या आकारात सगळ्या कामट्या एकाच लांबीच्या असतात आणि तयार कंदिलाची रुंदी, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, कामटीच्या लांबीच्या बरोबर दुप्पट होते. उंची होते कामटीच्या १.४१ पट, म्हणजे साधारण दीडपटीला थोडी कमी. एक फुटी कामट्या घेतल्या तर कंदील दोन फूट रुंद होतो. वाड्याच्या अंगणात किंवा इमारतीच्या दारात तो शोभतो, पण फ्लॅटच्या बाल्कनीत दरवाज्यातून आत-बाहेर नेतानाच त्याचा कागद फाटतो.

बाल्कनीसाठी २० सेंटिमीटरची बाजू योग्य. कंदील २८ सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद होतो, आत हात घालून बल्ब बदलता येतो आणि कागदाचे तावही वाया जात नाहीत. पुढची सगळी मापं या आकाराची आहेत.

सामान

कामट्या बुरुडाकडून घ्या. पुण्यात बुरूड आळी आहे. इतर शहरांत टोपल्या-सुपं विणणारे जिथे बसतात तिथे चौकशी करा. रुंदी ६ ते ८ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास हवी. घेताना प्रत्येक कामटी दोन्ही टोकांना धरून हलकी वाकवून पाहा. सगळीकडे सारखी कमान आली तर चांगली. एकाच जागी कोन पडला तर तिथे ती पातळ किंवा चिरलेली असते. हिरवी, ओली कामटी घेऊ नका. ती वाळताना आकसते आणि आवळून मारलेल्या गाठी आठवड्याभरात ढिल्या पडतात. ओलीच मिळाली तर चार-पाच दिवस सावलीत, सपाट जमिनीवर वजनाखाली वाळवा.

चार फुटी कामटीचे २२ सेंटिमीटरचे पाच तुकडे निघतात. आपल्याला असे २४ तुकडे हवेत, शिवाय वरच्या आणि तळाच्या चौकोनांत कर्णावर बांधायच्या आडव्यांसाठी ३० सेंटिमीटरचे दोन. म्हणजे सहा कामट्यांत काम होतं, पण एखादी चिरते, एखादीचं पेर, म्हणजे बांबूचा सांधा, नेमकं नको तिथे येतं. आठ घ्या.

बांधायला गोधडीचा जाड सुती दोरा, एक रीळ. नायलॉनचा दोरा मजबूत असला तरी या कामात नको. तो गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. सुती दोरा कामटीला आणि स्वतःलाही धरून राहतो.

कागद पतंगाचा. २० बाय ३० इंची ताव मिळाला तर चौकोनांसाठी एका रंगाचा एक आणि त्रिकोणांसाठी दुसऱ्या रंगाचा एक पुरतो. झिरमिळ्यांसाठी आणखी दोन आणि चुकीसाठी एक जास्तीचा धरा. घोटीव कागद दिसायला छान, पण त्यातून उजेड पार होत नाही, त्यामुळे तो फक्त पट्ट्यांना वापरायचा. जिलेटिन कागदाचे रंग झगझगीत दिसतात, तरी नवख्यांनी तो टाळावा. दमट हवेत तो सैल पडून पोट काढतो आणि त्याला खळ धरत नाही.

याशिवाय दीड सेंटिमीटर रुंदीची सोनेरी पट्टी. कंदिलाला २० सेंटिमीटरच्या २४ कडा आहेत, म्हणजे ४ मीटर ८० सेंटिमीटर. ५ मीटर घेतलेली बरी. मग पॉलिश पेपर, हॅकसॉचं पातं, फेव्हिकॉल, काटकोन तपासायला गुण्या (नसेल तर जाड पुठ्ठ्याचा कोपरा चालतो), एक लोखंडी कडी, आणि दिव्यासाठी टांगता होल्डर, वायर, पिन आणि ५ किंवा ७ वॉटचा एलईडी बल्ब.

कामट्या कापणं

कात्री किंवा कोयत्याने कापलं की बांबू रेषेत चिरत जातो. हॅकसॉच्या पात्याने, कामटी हळूहळू फिरवत सगळ्या बाजूंनी कापा. पहिला तुकडा नीट मोजून २२ सेंटिमीटरचा करा, त्यावर खूण करा आणि बाकीचे तेवीस त्याच तुकड्याला लावून मोजा. प्रत्येक वेळी आधीच्या तुकड्यावरून पुढचा मोजला तर अर्धा-अर्धा मिलिमीटर वाढत जातो, आणि पहिल्या व शेवटच्या तुकड्यात सहज सेंटिमीटरचा फरक पडतो. आपण सगळे तुकडे सारखेच कापले असं वाटत राहतं, आणि फरक कळतो तो बांधायला बसल्यावर.

पेर शक्यतो तुकड्याच्या टोकाजवळ येऊ देऊ नका. तिथे गाठ बसत नाही.

आता प्रत्येक टोकापासून १ सेंटिमीटर आत, दोन्ही कडांना, बारीक खाच करा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतचं अंतर बरोबर २० सेंटिमीटर यायला हवं. खरं माप हेच. बाहेरची टोकं थोडी कमी-जास्त असली तरी बिघडत नाही. खाच जेमतेम १ मिलिमीटर खोल ठेवा. जास्त खोल गेली की दोरा आवळताना कामटी तिथूनच तुटते. खाच केलीच नाही तर बांबूच्या गुळगुळीत पाठीवरून दोरा घसरतो आणि चौकोनाची बाजू हळूहळू लांब-आखूड होते.

शेवटी सगळे तुकडे पॉलिश पेपरने घासा. पाठीचा चकचकीत थर जरा खरखरीत होईपर्यंत घासलं की खळ चांगली धरते, आणि कडेची कुसळं निघाली की कागद फाटत नाही, बोटंही वाचतात. लहान मुलांना हे काम देता येतं, पण बांबूची सळ बोटात फार आत जाते, त्यामुळे एक जुना मोजा हातात घालून द्या.

सहा चौकोन

चोवीस तुकड्यांचे सहा चौकोन होतात. दोन तुकडे समांतर ठेवा, त्यांच्यावर दोन आडवे. खाचेवर खाच येईल असं जुळवा आणि गुण्या लावून पहिला कोपरा बांधा.

गाठ अशी बांधायची: अर्धा मीटर दोरा घ्या, एक टोक खालच्या कामटीला बांधून घ्या. दोन कामट्यांच्या फुलीवरून एका तिरप्या दिशेने चार वेढे, मग दुसऱ्या तिरप्या दिशेने चार. आता दोन कामट्यांच्या मधल्या फटीतून, म्हणजे आधीच्या वेढ्यांभोवती, दोन वेढे घेऊन जोरात ओढा. सगळं घट्ट होतं ते या शेवटच्या दोन वेढ्यांनी. घाईत हेच राहून जातात आणि मग कोपरा कितीही गुंडाळला तरी डुगडुगतो. दुहेरी गाठ मारा, वर फेव्हिकॉलचा थेंब सोडा.

चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २८.३ सेंटिमीटरच्या जवळ आणि एकमेकांइतके यायला हवेत. एक २७ आणि दुसरा २९.५ आला तर चौकोनाचा शंकरपाळा झाला आहे. फेव्हिकॉल ओला आहे तोवर हाताने दाबून सरळ करा. सहाही चौकोन एकावर एक रचून बघितले की कोणता वेगळा आहे ते लगेच कळतं. रात्रभर वाळू द्या.

जोडणी

एक चौकोन जमिनीवर ठेवा. हा तळ. दुसरा चौकोन टोकावर उभा धरा, त्याचं खालचं टोक तळाच्या एका कोपऱ्याला लावा आणि बांधा. चार कामट्या एकत्र येतात, तिथे सहा वेढे पुरेत, पण सध्या अगदी घट्ट करू नका. असेच बाकीचे तीन चौकोन तळाच्या उरलेल्या तीन कोपऱ्यांना बांधा. फूल उमलल्यासारखे चारही चौकोन बाहेर कलंडतील.

आता एकाने शेजारशेजारचे दोन चौकोन उभे करून धरायचे आणि दुसऱ्याने त्यांची बाजूची टोकं एकमेकांना बांधायची. या चार गाठी एकट्याने मारता येत नाहीत. घरातलं कुणीतरी हाताशी असू द्या. शेवटी सहावा चौकोन वर ठेवून त्याचे चार कोपरे उभ्या चौकोनांच्या चार वरच्या टोकांना बांधायचे. तळाच्या चार, कमरेच्या चार, वरच्या चार, अशा बारा जोडगाठी झाल्या. चौकोनांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण तयार झालेले दिसतील. वरच्या चार त्रिकोणांचं टोक खाली असतं, खालच्या चारांचं वर.

या क्षणी सांगाडा हातात उचलला की तो डोलतो, पिळतो, एका बाजूला बसू पाहतो. नवखी माणसं इथे घाबरतात आणि गाठींवर आणखी दोरा गुंडाळतात. दोष गाठींचा नसतो. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचा आकार ठरतो, तो हलू शकत नाही. चौकोनाचं तसं नाही. चारही बाजू तेवढ्याच राहून तो चेपू शकतो. इथे सहा चौकोन आहेत आणि सहाही एकदम चेपतात, म्हणून अख्खा कंदील पिळतो. उपाय एकच, प्रत्येक चौकोनाला कर्ण द्यायचा.

वरच्या आणि तळाच्या चौकोनांत ३० सेंटिमीटरची एकेक कामटी कर्णावर बांधा. हीच वरची आडवी पुढे दिवा टांगायलाही लागते. बाजूच्या चार चौकोनांत मात्र कामटी नको. दिवा लागला की तिची जाड काळी सावली कागदावर पडते. तिथे दोऱ्याचे दोन कर्ण, फुलीसारखे, ताणून बांधा. दोरा फक्त ओढ सहन करतो, दाब नाही, म्हणून एक पुरत नाही. चौकोन एका दिशेला चेपला तर एक ताणला जातो, दुसऱ्या दिशेला चेपला तर दुसरा.

हे दोरे पक्के करण्याआधी कंदील सरळ आहे का ते तपासा. वरून पाहिलं की वरच्या चौकोनाचे कोपरे तळाच्या कोपऱ्यांच्या बरोबर वर दिसायला हवेत. शंका असेल तर दोऱ्याला एखादा जड नट बांधून ओळंबा करा आणि वरच्या प्रत्येक कोपऱ्यातून खाली सोडा. मग कमरेचे समोरासमोरचे कोपरे मोजा: दोन्हीकडून ४० सेंटिमीटर. वर-खाली २८. जुळलं की बाराही जोडगाठी आवळा, फेव्हिकॉल लावा आणि सांगाडा जमिनीवर न ठेवता वरच्या चौकोनाने टांगून रात्रभर वाळवा. टांगल्याने तो आपल्याच वजनाने सरळ राहतो.

वाळल्यावर जोडांतून फार बाहेर आलेली टोकं पात्याने कापून घ्या. गाठीपासून अर्धा सेंटिमीटर तरी राखा.

खळ

पाव वाटी मैदा, सव्वा वाटी पाणी. त्यातलं पाव वाटी गार पाणी मैद्यात घालून गुठळी राहणार नाही असं कालवा. बाकीचं पाणी उकळा, मंद आचेवर ठेवून कालवलेला मैदा त्यात धार धरून सोडा आणि सतत ढवळा. तीन-चार मिनिटांत पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक, चकचकीत होते. ती उतरवायची वेळ हीच. कोरड्या मैद्यावर गरम पाणी ओतलं तर वरचा थर शिजतो आणि आत पीठ कोरडंच राहतं, म्हणून गुठळ्या होतात. गार झाली की पातळ फडक्यातून गाळा.

बाहेर ठेवलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबते. लागेल तेवढीच करा, उरली तर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते. खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असतं. मुलं बरोबर बसणार असतील तर ते घरात आणूच नका.

कागद

चौकोनांसाठी २२.५ सेंटिमीटरचे चार चौरस कापा. २० ची बाजू आणि चारही बाजूंना सव्वा सेंटिमीटर दुमड. त्रिकोणांसाठी पुठ्ठ्याचा साचा करून घ्या: २० सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण आणि तिन्ही बाजूंना १ सेंटिमीटर जास्त. साचा ठेवून आठ त्रिकोण एकाआड एक उलटे आखले तर एका तावात बसतात. सांगाड्याचा एखादा त्रिकोण किंचित वेगळा आला असेल तर साच्याऐवजी तो सांगाडाच कागदावर ठेवून आखा.

आधी चौकोन, मग त्रिकोण. चौकोनाचा कागद ताणला गेला की सांगाडा आणखी घट्ट होतो, आणि मग त्रिकोणाला सुरकुती पडत नाही.

खळ कागदाला लावू नका. कागद ओला झाला की लोळागोळा होतो, आणि स्वस्त कागदाचा रंग बोटांना व शेजारच्या चौकोनाला लागतो. चपट्या ब्रशने कामटीलाच पातळ थर द्या. कागद वरच्या टोकापासून लावत खाली या, मग बाजूची टोकं, चारही कोपऱ्यांत कात्रीने छोटी चीर द्या आणि दुमड कामटीवरून आत वळवून चिकटवा. एक चौकोन झाला की त्याच्या शेजारचा नाही, समोरचा घ्या. वाळताना कागद ओढतो. एकाच बाजूचे दोन चौकोन आधी लावले तर सांगाडा त्या बाजूला कलतो.

त्रिकोणाचा कागद आत वळवायचा नाही. तो कामटीच्या बाहेरच्या अंगाला, चौकोनाच्या दुमडीवर चिकटतो. बाहेर उरलेला कागद वाळल्यावर कापून टाका. हा जोड सोनेरी पट्टीखाली झाकला जाणार आहे.

कागद वाळूनही थोडा सैल राहिला तर बारीक फवाऱ्याने अगदी हलकं पाणी मारून सावलीत वाळवा. सुकताना तो आकसून डफासारखा ताणला जातो. तावाच्या एका तुकड्यावर आधी करून बघा. रंग फुटत असेल तर हा उपाय सोडा आणि सैल कागद तसाच राहू द्या. ओघळ आलेल्या कागदापेक्षा किंचित सैल कागद बरा दिसतो.

सोनेरी पट्टी शेवटी. आधी आठही त्रिकोणांच्या तिरप्या कडा, मग वरचा आणि खालचा चौकोन. या क्रमाने टोकं एकमेकांखाली लपतात.

झिरमिळ्या

उरलेल्या तावाची १० सेंटिमीटर रुंद, ६० लांब पट्टी घ्या. लांबीत उभ्या चिरा एकेक सेंटिमीटरवर द्यायच्या, वरचे दीड सेंटिमीटर न कापता. तावाचे चार-चार थर एकदम कापायचे असतील तर आधी दोन चिमटे लावा. कात्री पुढे सरकते तसे आतले थर मागे पडतात आणि खालची पट्टी तिरकी कापली जाते. न कापलेली कड गुंडाळून दोऱ्याने बांधली की एक झुपका तयार. तळाच्या चार कोपऱ्यांना चार आणि कमरेच्या चार कोपऱ्यांना त्यांच्या निम्म्या लांबीचे चार, एवढे पुरेत.

एक सूचना बाल्कनीवाल्यांसाठी. झिरमिळ्या पावसाचं पाणी शोषून घेतात आणि रंग खाली ठिबकतो, तोही अनेकदा खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर. गडद लाल आणि जांभळा कागद यात सर्वात वाईट. झिरमिळ्यांना पांढरा किंवा पिवळा कागद घेतला तर निदान शेजाऱ्यांच्या साड्या वाचतात.

दिवा

पूर्वी आत पणती ठेवत, नंतर ४० आणि ६० वॉटचे तारेचे बल्ब आले. तो बल्ब कागदाच्या कंदिलात कधीही लावू नका. तो इतका तापतो की वाऱ्याने कंदील कलंडून कागद काचेला टेकला तर करपतो, पेटूही शकतो. एलईडीचं डोकं फारसं तापत नाही, तापतो तो मागचा भाग. म्हणून वरचा चौकोन कधी कागदाने बंद करायचा नाही. तळ तर मोकळा ठेवावाच लागतो, हात आत जायला.

होल्डर वरच्या आडव्या कामटीला, मध्यावर, दोऱ्याने बांधा आणि बल्ब खाली तोंड करून सोडा. एलईडी बल्बचा उजेड मुख्यतः पुढे पडतो. तळाच्या आडवीवर वर तोंड करून लावला तर उजेड आकाशाकडे जातो, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला खालचे त्रिकोण काळपट दिसतात. खाली तोंड असलं की झिरमिळ्यांवरही उजेड पडतो. बल्ब पिवळसर उजेडाचा आणि दुधी काचेचा घ्या. पांढऱ्या उजेडात केशरी आणि लाल कागद फिका दिसतो, आणि पारदर्शक बल्बचा ठिपका कागदातून डोळ्यांत खुपतो. बल्ब सगळ्या कागदांपासून किमान ८ सेंटिमीटर लांब हवा. आपल्या मापात तो मधोमध असला की तेवढं अंतर सहज राहतं.

वायर एकसंध असू द्या. जोड द्यावाच लागला तर तो घरात, बाहेर नाही. बाल्कनीत येताना वायरला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळातून खाली पडतं, पिनेपर्यंत येत नाही. होल्डरमधली जोडणी येत नसेल तर वायरमनकडून करून घ्या; दहा मिनिटांचं काम आहे.

टांगणं

वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना प्रत्येकी ३५ सेंटिमीटरचे चार दोरे, चारही कडीत एकत्र. गाठ मारण्याआधी कंदील कडीने उचलून बघा. एक दोरा अर्धा सेंटिमीटर आखूड असला तरी कंदील कलतो. कंदिलाचं वजन दोऱ्यांवर हवं, वायर सैल राहायला हवी. वायरीवर टांगलेला कंदील वाऱ्यात हलतो आणि होल्डरमधली तार तुटते.

हुकाला छोटी कप्पी लावून दोरीने वर-खाली करायची सोय केली तर सर आली की अर्ध्या मिनिटात आत घेता येतो. वरच्या मजल्यांवर वारा जास्त असतो. तिथे तळाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोरे बांधून ते कठड्याला सैलसर अडकवा, नाहीतर कंदील स्वतःभोवती फिरून वायर पिळतो. सज्जा नसेल तर जाड पारदर्शक प्लास्टिकचा ४५ सेंटिमीटरचा चौरस, मधे कडीपुरतं भोक पाडून, कंदिलाच्या वर किमान ३ सेंटिमीटर फट ठेवून टोपीसारखा बसवा. फट नसेल तर आतली ऊब कोंडते.

परदेशात कामट्या मिळत नाहीत तिथे कबाब भाजायच्या ३० सेंटिमीटरच्या बांबूच्या काड्या चालतात. त्या गोल आणि बारीक असतात, म्हणून बाजू १५ सेंटिमीटरच ठेवा, खाच करू नका, आणि गाठीआधी टोकं पॉलिश पेपरने खरखरीत करा. कंदील ३० सेंटिमीटर रुंद होतो. त्यात बॅटरीवरची एलईडी माळ सर्वात सोयीची, पण ती तळाशी गोळा करून ठेवू नका. पांढऱ्या कागदाच्या नळीभोवती गुंडाळून मधोमध टांगा.

याच काड्यांचे १० सेंटिमीटर बाजूचे, म्हणजे २० रुंद आणि १४ उंच, दिव्याशिवायचे कंदील तुळशीच्या लग्नानंतरच्या लगीनघरासाठी फार चांगले दिसतात. दारापासून मांडवापर्यंत दोरीवर एकेक मीटरवर टांगायचे. एवढ्या लहान मापाला कर्ण लागत नाहीत, कागदच सांगाडा धरून ठेवतो. दोन माणसं संध्याकाळच्या बैठकीत दोन कंदिलांचे सांगाडे बांधू शकतात, त्यामुळे वीस करायचे असतील तर दहा संध्याकाळी हाताशी ठेवा.

कंदील उतरवल्यावर

कागद ठेवून देण्यात अर्थ नाही. खळीला झुरळं आणि कसर लागते, आणि उन्हाने रंगही उडालेला असतो. ओल्या फडक्याने कामट्या भिजवा, दहा मिनिटांनी कागद सोलून निघतो. खळीचा लेप पूर्ण पुसा, कोपऱ्यांतला दातांच्या जुन्या ब्रशने. फेव्हिकॉल लावलेल्या गाठी फार भिजवू नका. सांगाडा दोन दिवस उन्हात नाही, वाऱ्यावर वाळवा आणि माळ्यावर आडवा न ठेवता खिळ्याला टांगून ठेवा. वर सामान पडलं की कर्णाचे दोरे सैल होतात. पुढच्या वर्षी दसऱ्याला तो खाली काढला की आधी ४० आणि २८ ही दोन मापं तपासा, सैल झालेले दोरे बदला आणि थेट खळ करायला घ्या.